गिधाड का हरलं, बोंडअळी का जिंकली?

नव्वदच्या दशकापासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या गावगाड्यात दोन नवी रसायनं शिरली. पहिलं डायक्लोफिनॅक. बैल लंगडला, गाय तापली की टोचायचं, स्वस्त आणि गुणकारी वेदनाशामक. दुसरं बीटी प्रथिन. कपाशीच्या झाडाच्या पेशीपेशीत तयार होणारं, अळीच्या आतड्याला भोकं पाडणारं. पहिलं कुणाला मारण्यासाठी आणलंच नव्हतं, दुसरं केवळ मारण्यासाठीच आणलं होतं. निकाल नेमका उलटा लागला. ज्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं ते पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या काळात देशातून ९९.९ टक्के नाहीसं झालं; आणि जिच्या नायनाटासाठी सगळा खटाटोप होता ती गुलाबी बोंडअळी २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीत मोठ्या संख्येनं परतली.

असं का व्हावं? याचं उत्तर जीवशास्त्राच्या दोन प्रकरणांत विभागलेलं आहे. जीव परिसराशी कसा जुळवून घेतो हे एका प्रकरणात, त्याची संख्या कशी वाढते-घटते हे दुसऱ्यात. शाळेत ही प्रकरणं वेगवेगळी शिकवली जातात आणि तिथेच घोळ होतो. अंगचे गुण कितीही उत्तम असोत, परिसर बदलला की जीव तरणार की बुडणार हे ठरतं पिढी किती लवकर उलटते आणि जन्म-मृत्यूच्या हिशोबात किती शिल्लक उरते यावर. दोन्ही प्रकरणं एकत्र वाचली तरच गिधाडाचं आणि बोंडअळीचं कोडं सुटतं.

बदलतो तो जीव नव्हे, पिढी

पुण्याहून लेहला विमानानं उतरलेल्या माणसाला पहिले दोन दिवस धाप लागते, डोकं दुखतं. मग शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करू लागतं आणि तो सावरतो. पुण्यात परतला की काही आठवड्यांत हा बदल मावळतो, त्याच्या मुलांना त्यातलं काही मिळत नाही. हे तात्पुरतं जुळवून घेणं झालं. तिबेटी माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या ईपीएएस-१ या जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे विरळ हवेतही त्याचं रक्त घट्ट होत नाही, आणि हे रूप आई-बापाकडून मुलाकडे जातं. खरं अनुकूलन ते हे. हिवाळ्यात जायकवाडीसारख्या जलाशयांवर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, त्यामागेही अशीच वारशानं मिळालेली देणगी आहे: विरळ हवेतून प्राणवायू चटकन पकडणारं हिमोग्लोबिन.

आपल्या बोलण्यात मात्र ‘वाळवंटात राहायचं म्हणून उंटानं स्वतःला बदललं’ अशी वाक्यं सहज येतात. कुठलाही उंट स्वतःला बदलत नाही. कळपात आधीपासून थोडेफार वेगळे असलेले जीव असतात. परिसर त्यातल्या काहींना झुकतं माप देतो, ते जास्त पिल्लं मागे ठेवतात आणि पुढची पिढी त्यांच्या वळणाची निघते. नैसर्गिक निवड ती एवढीच. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं ती गालापागोसमधल्या डाफ्ने मेजर या लहानशा बेटावर प्रत्यक्ष मोजली. १९७७ मध्ये तिथं पाऊस पडला नाही, बारीक मऊ बिया संपल्या, उरल्या त्या मोठ्या टणक बिया. मध्यम आकाराच्या भूफिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. जगले ते बहुतेक जाड चोचीचे, आणि त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. १९८३ मध्ये एल निनोमुळे धो-धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि पुढच्या काही वर्षांत पारडं लहान चोचीकडे झुकलं. ‘उत्तम’ चोच अशी नसतेच. त्या-त्या वर्षाच्या बियांना पुरी पडणारी चोच तेवढी असते.

आपल्याकडे हे पाहायला सह्याद्रीतल्या सड्यांइतकी चांगली जागा नाही. कासच्या पठारावर जांभा दगडावर वीतभर माती, तीही पोषणाच्या दृष्टीनं दरिद्री. चार महिने पाण्याचा लोंढा, आठ महिने तापलेली फरशी. इथल्या झाडांनी, म्हणजे त्यांच्या असंख्य पिढ्यांनी, या अडचणीवर निरनिराळे तोडगे काढलेत. वायतुरा पावसाळा संपला की वरचा भाग टाकून देतो आणि कंदाच्या रूपात जमिनीखाली थांबतो. गेंदासारख्या वनस्पती उगवण्यापासून बी धरण्यापर्यंतचा सगळा संसार एका पावसाळ्यात आटोपतात. मातीत नत्र नाही म्हणून दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. आणि ‘सीतेची आसवं’ या नाजूक नावाच्या, निळ्या-जांभळ्या फुलांच्या रोपाला चिखलात मोहरीहून लहान पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी झडप आणि झडपेवर केस. केसाला सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झडप आत उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दार बंद होतं. वर फुलांचे फोटो काढणाऱ्यांना खाली चाललेल्या या शिकारीचा पत्ता नसतो.

पण प्रत्येक अनुकूलनाची किंमत मोजावी लागते. दवबिंदूला सुपीक मातीत नेलं तर उंच वाढणारं साधं गवत त्याला झाकून टाकतं. एका परिस्थितीसाठी घडलेला जीव दुसरीत उघडा पडतो, हे सूत्र पुढे गिधाडाच्या बाबतीत उपयोगी पडणार आहे.

आधी मोजा

संख्येचा अभ्यास मोजणीपासून सुरू होतो, आणि रानातले जीव रांगेत उभे राहत नाहीत. सगळ्यात जुनी युक्ती सोपी आहे. तळ्यातले ५० मासे पकडून खूण करून सोडले. काही दिवसांनी ६० पकडले, त्यात १५ खुणेचे निघाले. म्हणजे खुणेचे एक चतुर्थांश. तर तळ्यात साधारण २०० मासे असावेत. वाघाच्या अंगावरचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके ही जन्मजात खूणच असल्यानं तिथं पकडण्याचं काम कॅमेरा करतो. पूर्वी आपल्याकडे पाऊलखुणांवरून वाघ मोजत. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला आणि कॅमेऱ्यांवर आधारलेली गणना आली.

मोजून झाल्यावर चार आकडे लागतात: किती जन्मले, किती मेले, किती बाहेरून आले, किती बाहेर गेले. या चारांतला कोणता बिघडला हे कळल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेली काठी.

वाढ आणि तिचा लगाम

अन्न मुबलक आणि शत्रू नसला तर कुठलाही जीव चक्रवाढ व्याजानं वाढतो. माल्थसनं १७९८ मध्ये माणसांच्या बाबतीत हे बजावलं, आणि १८३८ मध्ये बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टनं त्यात लगामाचं पद घातलं. जागा आणि अन्न जितकं पोसू शकेल त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. संख्या तिच्याजवळ जाऊ लागली की दाटी वाढते, उपासमार, रोगराई, भांडणं वाढतात, पिल्लं कमी जगतात आणि वाढ मंदावते.

कागदावर ही रेषा छान वळून सपाट होते. निसर्गात ती कधी कधी कड्यावरून कोसळते. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर अमेरिकी तटरक्षकांनी १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाही, जमिनीवर दगडफुलाचा जाड थर. १९६३ पर्यंत रेनडिअर ६,००० झाले. त्यांनी शतकानुशतकं साचलेलं दगडफूल खरवडून खाल्लं. ते पुन्हा वाढायला दशकं लागतात. पाठोपाठ एक कडक हिवाळा आला. १९६६ मध्ये मोजणी झाली तेव्हा ४२ प्राणी उरले होते, त्यात नर एकच. पुढे तेही संपले. व्याजावर न भागवता भांडवल खाल्लं की धारणक्षमताच खाली येते, हा या बेटाचा धडा आहे.

कारवीचा हिशोब

प्रत्येक जीवाकडे शक्ती मोजकी असते. ती वाढीत घालायची, पिल्लांत घालायची की तगून राहण्यात, याचा वाटा प्रत्येक जातीत वेगळा पडतो. उंदीर भरमसाठ पिल्लं घालतो आणि लवकर मरतो. हत्तीण चार-पाच वर्षांतून एक पिल्लू देते आणि ते जपते. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये ही दोन टोकं मांडली. नंतरच्या अभ्यासकांनी मधल्या असंख्य छटा दाखवल्या, पण टोकं विचारासाठी अजून कामाची आहेत.

या वाटणीचा सगळ्यात देखणा नमुना सह्याद्रीत आहे. कारवी सात वर्षं नुसती वाढते. कुडाच्या भिंतीला तिच्या काठ्या जातात. आठव्या वर्षी डोंगरउतार एकदम जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ होते, बी धरलं जातं आणि झुडपं वाळून जातात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये हा सोहळा झाला. सगळ्यांनी एकाच वर्षी का फुलावं? डॅनियल जँझेन यांनी १९७६ मध्ये बांबूच्या संदर्भात दिलेलं उत्तर असं: दरवर्षी थोडं बी धरलं तर किडे आणि उंदीर सगळं फस्त करतील. सात वर्षं त्यांना उपाशी ठेवून आठव्या वर्षी इतकं बी सांडायचं की खाऊन खाऊन उरेल.

बी खाणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे मिझोरामनं सोसलं आहे. तिथला मुळी बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. १९५९ मध्ये तो फुलला, फळांवर उंदरांची संख्या बेसुमार वाढली, फळं संपल्यावर ते भातावर तुटून पडले आणि दुष्काळ पडला. सरकारी मदत अपुरी ठरल्याच्या रागातून दुष्काळनिवारणासाठी उभी राहिलेली संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ मध्ये तिनं बंड केलं आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडलं. बांबूच्या फुलोऱ्याची तारीख राज्यकर्त्यांनीही लक्षात ठेवावी लागते.

खाणारे आणि खाल्ले जाणारे

पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं. हा प्रश्न उंबेर्तो द’अँकोना या तरुण जीवशास्त्रज्ञानं आपले सासरे, गणिती व्हितो व्होल्तेरा, यांच्यापुढे ठेवला. १९२६ मध्ये व्होल्तेरानं दिलेल्या समीकरणांतून एक विलक्षण निष्कर्ष निघाला: भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारलं तर फायदा भक्ष्याचा होतो. मासेमारी थांबल्यावर शिकारी मासे का वाढले, ते यातून कळलं. कीटकनाशकाची फवारणीही अशीच सरसकट मारते. किडीबरोबर तिला खाणारे ढालकिडे, कोळी, परोपजीवी माश्या मरतात; मूठभर उरलेली कीड मोकळ्या रानात वाढते आणि शेतकऱ्याला पुन्हा फवारावं लागतं.

जुन्नर-अकोले पट्ट्यातला बिबट्या या साखळीचं आपल्या दारातलं उदाहरण. उसाची शेतं वर्षभर आडोसा देतात, बिबटी तिथंच पिल्लं घालते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागात जंगल नसलेल्या शेतीपट्ट्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे नोंदवले, आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. यात नवं अनुकूलन काही नाही. बिबट्या मुळातच मिळेल ते खाऊन, दिसेल त्या आडोशाला राहणारा प्राणी आहे. गावकुसाबाहेर पडणारा कचरा कुत्री पोसतो, कुत्री बिबटे पोसतात. म्हणून एक बिबट्या पिंजऱ्यात घालून दूर सोडला तर रिकामी जागा दुसरा घेतो. जुन्नर भागातून पकडून सोडलेल्या बिबट्यांमुळे सोडलेल्या ठिकाणांजवळ माणसांवरचे हल्ले वाढल्याचंही अभ्यासात दिसलं. इथं बिघडलेला आकडा ‘बाहेरून आले’ हा आहे. पिंजरा त्याला हात लावत नाही.

फार थोडे उरले की

दाटी वाईट तशी विरळताही वाईट. संख्या फार घटली की जोडीदार सापडत नाही, थव्याचं संरक्षण मिळत नाही, जवळच्या नात्यात वीण होते. हे वॉर्डर ॲली यांनी १९३०च्या दशकात दाखवलं. अमेरिकेतली प्रवासी कबुतरं कोट्यवधींच्या थव्यांनी राहायची आणि थव्यातच वीण करायची. शिकारीनं थवे मोडल्यावर उरलेल्यांना सावरता आलं नाही. शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

आपला माळढोक त्याच वाटेवर आहे. मादी वर्षाला सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. विस्तीर्ण गवताळ रान आणि मोजके शत्रू असताना ही पद्धत चालून गेली. आता माळावर ऊस आणि द्राक्ष आलं, भटकी कुत्री आली, विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे बाजूंना असल्यानं समोरचं नीट दिसत नाही, आणि जड शरीराला तारेपाशी ऐनवेळी वळता येत नाही. १९७९ मध्ये नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज सोलापूर भागात एखादा दिसला तरी बातमी होते. देशभरात दीडशेच्या आसपास पक्षी उरले आहेत, बहुतेक जैसलमेरकडे. एवढ्या कमी आकड्यात तारेला धडकून मेलेली एक मादीही पूर्ण हिशोब बदलते.

दोन विषांचा निकाल

आता मूळ कोड्याकडे येऊ. गिधाडाचं पोट सडलेलं मांस आणि त्यातले जंतू पचवतं, कारण लाखो वर्षं त्याच्या पिढ्या त्याच अन्नावर निवडल्या गेल्या. डायक्लोफिनॅक त्या इतिहासात कुठेच नव्हतं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक आम्ल शरीरात साचतं. शवविच्छेदनात काळजा-यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं. गणितानं दाखवलं की शंभरांत एकाहूनही कमी मढ्यांत औषध असलं तरी एवढी घसरण होऊ शकते. प्रत्यक्षात भारतात तपासलेल्या मढ्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत ते सापडलं. गिधाडं एका मढ्यावर डझनांनी बसतात, त्यामुळे एक मढं अख्खा थवा मारतं.

आणि हिशोबाची दुसरी बाजू: गिधाड पाचव्या वर्षाच्या सुमारास वयात येतं, जोडी वर्षाला एक अंडं घालते. ही व्यवस्था प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगतील या गृहीतावर उभी आहे. वर्षाला ४० टक्के प्रौढ मेले तर शंभरांचे पाच वर्षांत आठ उरतात, म्हणजे आज जन्मलेलं पिल्लू वयात येईपर्यंत जात संपत आलेली असते. एखाद्या गिधाडात औषध सोसणारं जनुक असतंच, तरी ते पसरायला पिढ्या कुठं होत्या? गिधाडं गेल्यावर मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली, पाणी दूषित झालं, आणि २००० ते २००५ या काळात त्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

बोंडअळीचं पारडं उलटं. पिढी महिन्या-सव्वा महिन्याची, एका हंगामात चार-पाच पिढ्या, मादीमागे शंभराहून जास्त अंडी. हजारोंत एक अळी बीटी सोसणारी निघाली तरी बाकीच्या मेल्यावर सगळं रान तिचंच. हे आधीच ठाऊक असल्यानं बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं दिलं जाई. कडेनं ते लावायचं, त्यावर वाढलेले नाजूक पतंग बीटीतल्या प्रतिकारक पतंगांशी जोडी करतील आणि त्यांची पिल्लं बीटीला बळी पडतील, असा बेत होता. बहुतेक शेतात ते पाकीट बांधावरच राहिलं. घाटेअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, तिला हे आश्रयपीक आपोआप मिळालं. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगणारी, तिला नाही मिळालं. त्यात आपण संकरित वाण लावतो, ज्यांच्या एकाच बोंडात काही सरक्या विषारी तर काही बिनविषारी निघतात. शिवाय फरदड ठेवून पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ओढतो, म्हणजे अळीचा मुक्काम वाढवतो. २००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या विषाला प्रतिकार नोंदला गेला, २०१५ मध्ये तिथं आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात दोन्ही विषं निकामी ठरली. शेतात त्याची खूण म्हणजे डोमकळी: पाकळ्या आतून जाळ्यानं शिवल्यासारखी मिटलेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी कळी. पुढे अळी बोंडात शिरते, शिरलेलं भोक बुजून जातं आणि बाहेरून ठणठणीत दिसणारं बोंड फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळट कवडी निघते.

हे अटळ मुळीच नव्हतं. अमेरिकेनं आश्रयपीक काटेकोर लावलं, नंतर नपुंसक केलेले पतंग सोडले, पिकाचे अवशेष गाडले, आणि २०१८ मध्ये तिथली कपाशी गुलाबी बोंडअळीपासून मुक्त जाहीर झाली. गिधाडांच्या बाबतीतही २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय मिळाला आणि घसरणीचा वेग ओसरला. पण त्याच वाटेनं आलेल्या ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं.

म्हणून कोणतंही रसायन, वाण किंवा योजना आणताना दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत: याचा धक्का कुणाकुणाला बसणार, आणि त्यांची पिढी किती लांब आहे? पिढी लांब असलेल्यांना सावरायला वेळ मिळणार नाही, तेव्हा जनावरांच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरची चाचणी परवान्याआधी व्हावी. पिढी छोटी असलेल्यांना नवं शस्त्र जपूनच दाखवावं. कपाशी पिकवणाऱ्यांनी एवढं तरी करावं: डिसेंबरअखेर रान मोकळं करा, फरदड ठेवू नका, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर साठवू नका, कामगंध सापळे वेळेत लावा आणि त्यात रोज किती पतंग पडतात ते वहीत लिहून ठेवा.